‘होल्ड ऑफिस’ म्हणजे ऑफिसात नोकरी नव्हे : कचेरी, पद आणि इंग्रजीतल्या शब्दांच्या जोड्या

रानजाई

कराडजवळच्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात एका मुलीनं मुलाखतीच्या सरावासाठी स्वतःची ओळख लिहून आणली. वडील तहसील कचेरीत शिपाई. तिनं लिहिलं होतं, ‘माय फादर होल्ड्स ऑफिस इन तहसील.’ आधी ती दुसऱ्या एका क्लासला जायची. तिथल्या सरांनी या वाक्यावर लाल रेघ ओढून शेजारी फक्त ‘राँग’ लिहिलं होतं. का, ते नाही. ती मला म्हणाली, “मॅडम, होल्ड म्हणजे धरणं, ऑफिस म्हणजे कचेरी. वडिलांनी बावीस वर्षं ती कचेरी धरून ठेवलीये. सकाळी कुलूप तेच काढतात. मग चुकलं कुठं?”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. रात्री घरी शब्दकोश उघडून बसले.

आपण ‘ऑफिस’ हा शब्द घेतला तो जागेपुरता. टेबल, पंखा, कपाटं, हजेरीपट. इंग्रजीत तो लॅटिनमधल्या ‘ऑफिशियम’वरून फ्रेंचमार्गे आला आणि तिथं मूळ अर्थ कर्तव्य, नेमून दिलेलं काम. खोली हा अर्थ मागाहून चिकटला. त्यामुळे इंग्रजीत दोन ‘ऑफिसं’ एकाच शब्दात नांदतात आणि बोलणारा कुठल्याबद्दल बोलतोय हे शेजारचा लहानसा शब्द सांगतो. ‘शी इज इन द ऑफिस’ म्हणजे बाई कचेरीत बसल्या आहेत. ‘शी इज इन ऑफिस’ म्हणजे त्या पदावर आहेत, त्यांच्या हाती कारभार आहे. मधला ‘द’ गेला की भिंती, खिडक्या, टेबल सगळं जातं आणि सत्ता उरते. ‘टेक ऑफिस’, ‘लीव्ह ऑफिस’, ‘हायेस्ट ऑफिस इन द लँड’ ही सगळी त्याच घरातली.

आपल्या संविधानात हा शब्द पानोपानी आहे. मंत्री ‘शॅल होल्ड ऑफिस ड्यूरिंग द प्लेझर ऑफ द प्रेसिडेंट’, असं कलम ७५ म्हणतं. राज्यपालांसाठी कलम १५६ मध्ये तीच रचना. मराठीत तिथं ‘पद धारण करणे’ असं आहे. म्हणजे ‘होल्ड’चं धारण झालं, पण ‘ऑफिस’चं कार्यालय कुणी केलं नाही, पद केलं. भाषांतर करणाऱ्याला हा फरक पक्का ठाऊक होता.

तर तिला मी सांगितलं की ‘होल्ड्स ऑफिस’ सरपंच, महापौर, मंत्री यांच्याबद्दल म्हणतात. वडिलांबद्दल ‘वर्क्स अ‍ॅट द तहसील ऑफिस’ म्हण. ती गप्प बसली आणि म्हणाली, “म्हणजे शिपायाला ऑफिस धरता येत नाही.”

हे मला लागलं. व्याकरण माझं बरोबर होतं, पण तिला त्या शब्दाचा मूळ अर्थ सांगायचा राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी तोही सांगितला.

तेव्हापासून मी एक वही केली आहे. कचेरी, नोकरी, पद, अधिकार यांच्याबद्दल इंग्रजीत कोणता शब्द कोणाशेजारी बसतो, ते तिच्यात लिहिते. एकटा शब्द पाठ करून काही उपयोग नाही, जोडी कळायला हवी. तुम्ही सरकारी नोकरीत, कोर्टात, कारखान्यात, परदेशात ज्या जोड्या रोज वापरता किंवा जिथं कधी अडखळलात, त्या इथं लिहाल का? आणि त्या जागी आपण मराठीत काय म्हणतो, तेही लिहा. मुलांना मी तिथूनच शिकवायला घेणार आहे.


लेस्टरची_लेक

रानजाईताई, अगदी जवळचा विषय. मी इथं इंग्लंडात, लेस्टरच्या नगरपालिकेत नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सहकाऱ्यांना सांगितलं, ‘माय ब्रदर इज इन गव्हर्न्मेंट.’ भाऊ जलसंपदा खात्यात आहे, आपण घरी ‘तो गव्हर्न्मेंटमध्ये आहे’ असंच म्हणतो. समोरचे एकदम आदरानं बघायला लागले. ‘इन गव्हर्न्मेंट’ म्हणजे इथं राज्य करणाऱ्या पक्षात, मंत्रिमंडळात. भावासाठी ‘ही इज अ सिव्हिल सर्व्हंट’ किंवा ‘ही वर्क्स फॉर द गव्हर्न्मेंट’ म्हणायला हवं होतं. यातही ‘फॉर’ महत्त्वाचा.

तुमच्या ‘द’सारखीच इथली आणखी एक जोडी म्हणजे ‘इन पोस्ट’. ‘शी हॅज बीन इन पोस्ट सिन्स एप्रिल’ म्हणजे एप्रिलपासून ती या जागेवर आहे. आपल्याकडची मंडळी ‘ऑन द पोस्ट ऑफ’ लिहितात, कारण मराठीत आपण पदा‘वर’ असतो. इंग्रजीत पद धरतात, पदात असतात, पदावर नेमले जातात, तेव्हा ‘टू’ लागतो: ‘अपॉइंटेड टू द पोस्ट’. पण ‘ऑन’ येतोच कुठं, तर समितीत. ‘ऑन द कमिटी’, ‘ऑन द बोर्ड’, ‘ऑन द कौन्सिल’, ‘ऑन द स्टाफ’. आपण मराठीत समिती‘त’ आणि पदा‘वर’ असतो, इंग्रजीत नेमकं उलट. ही अदलाबदल मुलांना दाखवा, लगेच लक्षात राहते.

निवडणुकीला इथं माणूस ‘स्टँड’ होतो, अमेरिकेत ‘रन’. आपण निवडणुकीला उभे राहतो. म्हणजे या बाबतीत मराठी आणि ब्रिटिश इंग्रजी एका बाकावर. ‘स्टँड डाउन’ मात्र जपून वापरा. खासदार ‘इज स्टँडिंग डाउन’ म्हणजे बहुतेक वेळा पुढच्या निवडणुकीला उभा राहणार नाही. आज राजीनामा दिला असं नाही.


जुना_दप्तरी

चौतीस वर्षे महसूल खात्यात काढली, त्यांतली शेवटची नऊ आस्थापना शाखेत. त्यामुळे ‘चार्ज’ या एका शब्दावर मी बोलू शकतो.

‘टुक चार्ज ऑफ’ आणि ‘टुक चार्ज अ‍ॅज’. ‘ऑफ’च्या पुढे काम किंवा जागा येते: टुक चार्ज ऑफ द डिस्ट्रिक्ट. ‘अ‍ॅज’च्या पुढे पदनाम: टुक चार्ज अ‍ॅज कलेक्टर. आणि लक्षात घ्या, पदनामाआधी ‘अ’ किंवा ‘द’ नाही. ‘शी वॉज इलेक्टेड प्रेसिडेंट’, ‘ही वॉज अपॉइंटेड सेक्रेटरी’. जागा एकच असली की इंग्रजी तिथे उपपद घालत नाही.

दुसरी जोडी जास्त घातक आहे. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे ताबा असलेला. ‘इन द चार्ज ऑफ’ म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यात असलेला. एका चौकशी अहवालात कुणीतरी ‘द क्लर्क वॉज इन द चार्ज ऑफ द गोडाऊन’ असे लिहिले होते. वाचणाऱ्या साहेबांनी दोनदा विचारले की गोदाम कारकुनाच्या ताब्यात होते की कारकून गोदामाच्या. अहवाल परत गेला, तीन आठवडे गेले, आणि तेवढे दिवस त्या कारकुनाच्या जिवाला घोर. एका ‘द’पायी. तेव्हापासून मी प्रत्येक मसुद्यात हा शब्द बोटाने तपासायचो.

आपण ‘इनचार्ज’ हे नाम म्हणून वापरतो, ‘तो इथला इनचार्ज’. बाहेरच्या देशात ‘द पर्सन इन चार्ज’ म्हणतात. मराठीत ‘प्रभारी’. पण प्रभारीचेही दोन अर्थ. प्रभारी मुख्याध्यापक म्हणजे कायम माणूस येईपर्यंतचा. पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी म्हणजे त्या ठाण्याचा प्रमुख, तो तात्पुरता नसतो. पहिल्याला इंग्रजीत ‘अ‍ॅक्टिंग हेडमास्टर’, दुसऱ्याला ‘ऑफिसर इन चार्ज’. आणि ‘अ‍ॅक्टिंग’चे कुणी ‘कार्यकारी’ केले तर आणखी घोटाळा, कारण कार्यकारी अभियंता म्हणजे ‘एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर’. तो हंगामी नसतो.

बदली झाली की आपण रुजू होतो, कार्यमुक्त होतो, पदभार देतो-घेतो, आणि तारखेपुढे ‘म.पू.’ की ‘म.नं.’ ते लिहितो. इंग्रजीत ‘जॉइन्ड’, ‘रिलीव्ह्ड’, ‘हँडेड ओव्हर चार्ज’, पुढे ‘फोरनून’ किंवा ‘आफ्टरनून’. एकच माणूस त्या दिवशी मध्यान्हापूर्वी एका खुर्चीत आणि मध्यान्हानंतर दुसरीत, म्हणून ही काळजी.

अपर आणि अवर यांचीही मुलांना गल्लत होते. अपर जिल्हाधिकारी म्हणजे ‘अ‍ॅडिशनल’. अवर सचिव म्हणजे ‘अंडर सेक्रेटरी’. एका मात्रेवजा अक्षराने मंत्रालयातले कित्येक मजले बदलतात. मधे ‘उप’ म्हणजे डेप्युटी, ‘सह’ म्हणजे जॉइंट, ‘सहायक’ म्हणजे असिस्टंट.


कोरा_कागद

चांगला धागा. एक शंका आहे. ईमेलला जे आपोआप उत्तर जातं ते ‘आउट ऑफ ऑफिस’च असतं, त्यात ‘द’ नाही. मग तो माणूस सत्तेतून गेला का? नियम तिथं मोडतो.

दुसरं, परीक्षेला बसणाऱ्या पोरांनी हे सगळं पाठ करायचं ठरवलं तर बाकीचा अभ्यास कधी करायचा?


रानजाई

शंका रास्त आहे. ‘आउट ऑफ ऑफिस’ हा त्या उत्तराला पडलेला ठसा आहे, एका शब्दासारखा वापरतात. पण बातमीत ‘द पार्टी हॅज बीन आउट ऑफ ऑफिस सिन्स’ असं वाचलं तर कुणालाही सत्ताच समजेल. म्हणजे ‘द’ हा सगळीकडे पुरणारा नियम नाही, खूण आहे. आणखी दोन शब्द वाचून खात्री करायची.

पाठ करण्याबद्दल म्हणाल तर मी पाठ करून घेतच नाही. आपण मराठीत ‘सूत्रे’ म्हटलं की ‘हाती घेतली’ आपोआप येतं, ‘धुरा’ म्हटलं की ‘सांभाळली’ किंवा ‘सोपवली’. ‘सूत्रे उचलली’ असं कुणी म्हणत नाही. हे आपल्याला कुणी शिकवलं? वर्तमानपत्र वाचून कानाला सवय झाली. इंग्रजीलाही तेवढाच वेळ द्यायचा. वाचताना ‘रिझिग्नेशन’ दिसलं की त्याच्या आधी ‘टेंडर्ड’ आहे का, ‘सबमिटेड’ आहे का, एवढं बघायचं. ‘अथॉरिटी’च्या आधी ‘एक्सरसाइज’ येतं, ‘ऑथ’च्या आधी ‘टेक’ आणि शपथ देणाऱ्याच्या बाजूनं ‘अ‍ॅडमिनिस्टर’. शपथ घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं क्रियापद वेगळं, हे एका मुलानं स्वतः शोधून काढलं तेव्हा मला फार आनंद झाला.


बखरवाचक

रानजाई, तुमचा धागा वाचून मला कचेरीतलं सामान दिसायला लागलं. इंग्रजीत सत्तेचे किती शब्द मुळात फर्निचर आहेत बघा. ‘बोर्ड’ म्हणजे मेज, त्याभोवती बसणारे संचालक तेही बोर्ड. ‘ब्यूरो’ हे फ्रेंचमध्ये मेजावर पसरायचं जाडंभरडं कापड, मग मेज, मग खातं. ‘कॅबिनेट’ ही आतली लहान खोली, जिथं राजा मोजक्या माणसांशी बोलायचा. ‘एक्स्चेकर’ म्हणजे पैसे मोजायला अंथरलेलं चौकटीचं कापड. ‘चान्सेलर’ हा जाळीच्या कठड्यापाशी उभा राहणारा माणूस होता. ‘चेअर’ तर अजूनही सभेत बोलते: ‘द चेअर हॅज रूल्ड’. म्हणूनच ‘अ‍ॅड्रेस द चेअर’, ‘टेक द चेअर’ ही जोडी. यात नुसत्या खुर्चीत बसणं अभिप्रेत नसतं, सभा चालवणं असतं.

आपल्याकडे गादी आहे, तख्त आहे, मसनद आहे, खुर्ची आहे. आणि ‘दिवाण’ आहे. त्या शब्दाचा प्रवास उलट दिशेनं झाला. फारसीत आधी नोंदवही, मग ती ठेवणारं खातं, मग दरबार, मग त्या खोलीत भिंतीकडेनं मांडलेली बैठक. म्हणून आपल्या घरात दिवाण असतो आणि संस्थानातही दिवाण असायचे.

पदनामांची इतकी काळजी आपल्याकडे एकदा घेतली गेली आहे, हे मुलांना जरूर सांगा. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे राज्यव्यवहारकोशाचं काम दिलं. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय. पेशव्याचे पंतप्रधान झाले, मुजुमदारांचे अमात्य, सुरनिसांचे सचिव, वाकनिसांचे मंत्री, डबिरांचे सुमंत, सरनौबतांचे सेनापती. आज मुंबईत सचिव आणि मंत्री हे शब्द रोज उच्चारले जातात. फरक एवढाच की तेव्हा मंत्री आणि सचिव दोघेही अष्टप्रधानांत मांडीला मांडी लावून बसत. आज मंत्री निवडून येतात आणि सचिव नेमले जातात.

आणि आपल्या क्रियापदांना हात लावू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे. ‘स्टेप डाउन’ला ‘पायउतार होणे’ आहे. पालखीतून, घोड्यावरून उतरून पायी होणं, हे चित्र त्यात अजून जिवंत आहे. ‘रीशफल’ हा पत्त्यांचा शब्द आहे, पत्ते पिसण्याचा. आपला ‘खांदेपालट’ पालखीच्या भोयांचा आहे. ओझं तेच, खांदा बदलला. मंत्रिमंडळाला आपला शब्द जास्त लागू पडतो असं मला वाटतं. ‘शिक्कामोर्तब’ आहे. शिवकाळातल्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटली की पत्र पुरं झालं, पुढं कुणाला ओळ घुसडता येत नाही. विलायतेतही मंत्र्याला पद मिळताना राजाकडून ‘सील्स ऑफ ऑफिस’ मिळतात. पद म्हणजे शिक्का, ही समजूत दोन्हीकडे सारखी.


अनुवादिनी

बखरवाचक, ‘मावळते’ राहिलं! ‘आउटगोइंग प्रेसिडेंट’ला आपण मावळते अध्यक्ष म्हणतो. साहित्य संमेलनात मावळते अध्यक्ष आणि नियोजित अध्यक्ष एका व्यासपीठावर असतात, इंग्रजीत त्यांना ‘आउटगोइंग’ आणि ‘प्रेसिडेंट-इलेक्ट’. बाहेर जाणारा आणि मावळणारा, यांत केवढं अंतर आहे! मी सरकारी आणि खासगी कागदांचा अनुवाद करते. काही शब्द मी प्रत्येक वेळी थांबून तपासते.

पहिला ‘अध्यक्ष’. विधानसभेचे अध्यक्ष म्हणजे ‘स्पीकर’. विधान परिषदेचे सभापती म्हणजे ‘चेअरमन’. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष म्हणजे ‘प्रेसिडेंट’. पंचायत समितीचे प्रमुख पुन्हा सभापती. ‘प्रेसिडेंट ऑफ द असेम्ब्ली’ असं एका अनुवादात वाचलं तेव्हा वाचणाऱ्याला हे कुठल्या देशातलं आहे असाच प्रश्न पडला असता.

दुसरा ‘मंत्रालय’. राज्यात मंत्रालय ही मुंबईतली इमारत आहे, पूर्वीचं सचिवालय. तिच्यात विभाग असतात: महसूल विभाग, गृह विभाग. दिल्लीत मात्र मंत्रालय म्हणजे ‘मिनिस्ट्री’, इमारत कुठलीही असो. ‘ताई मंत्रालयात आहेत’चं ‘शी इज इन द मिनिस्ट्री’ केलं की त्या मुंबईहून थेट दिल्लीत जाऊन बसतात.

तिसरा ‘मिनिस्टर ऑफ स्टेट’. याचा राज्याशी काही संबंध नाही. राज्यमंत्री म्हणजे कॅबिनेट मंत्र्याच्या खालचा दर्जा. उलट करून ‘स्टेट मिनिस्टर’ लिहिलं की वाचणारा महाराष्ट्राचा मंत्री समजतो. दोन शब्दांची जागा बदलली की माणूस दिल्लीहून राज्यात येतो. ‘इंडिपेंडंट चार्ज’ जोडला की ‘स्वतंत्र कार्यभार’, म्हणजे वर कॅबिनेट मंत्री नाही. दप्तरीकाकांचा ‘चार्ज’ इथंही आहे.

आणि ‘अथॉरिटी’. इंग्रजीत हा शब्द सत्ता आहे, माणूस आहे आणि संस्थाही आहे. मराठीनं तीन शब्द केले: अधिकार, प्राधिकारी, प्राधिकरण. ‘कॉम्पिटंट अथॉरिटी’ म्हणजे सक्षम प्राधिकारी, ‘म्हाडा’च्या नावातली अथॉरिटी म्हणजे प्राधिकरण. इथं मराठी जास्त नेमकी आहे. पण दुसऱ्या बाजूनं आपलाही ‘अधिकार’ दुहेरी आहे. माहितीचा अधिकार हा ‘राइट’, तो नागरिकाचा. अधिकाऱ्याचा अधिकार ही ‘पॉवर’. ‘इन एक्सरसाइज ऑफ द पॉवर्स कन्फर्ड बाय’ हे अधिसूचनेचं पहिलं वाक्य आपण ‘प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून’ असं लिहितो. मुलांना विचारा, इथं ‘राइट्स’ का नाही? या उत्तरातच नागरिकशास्त्राचा एक तास होईल.

लहान शब्दांचा शेवटचा नमुना संविधानातलाच. ‘कॉम्प्ट्रोलर अँड ऑडिटर-जनरल ऑफ इंडिया’, पण ‘अटर्नी-जनरल फॉर इंडिया’. एकात ‘ऑफ’, एकात ‘फॉर’. राज्यात ‘अ‍ॅडव्होकेट-जनरल फॉर द स्टेट’. ते भारताच्या, राज्याच्या बाजूनं उभे राहतात, असा मी तो ‘फॉर’ लक्षात ठेवते. अनेकवचन करताना ‘अटर्नीज जनरल’, कारण नाम पुढं आहे आणि ‘जनरल’ हे फ्रेंच पद्धतीनं मागं आलेलं विशेषण. सैन्यातले ‘मेजर जनरल’ मात्र ‘मेजर जनरल्स’.


मांडवीकाठ

आमच्या गोव्यात तालुक्याच्या अधिकाऱ्याला आजही मामलेदार म्हणतात, इंग्रजी पाटीवर ‘मामलतदार’. महाराष्ट्रात तहसीलदार झाले, पण जुनी माणसं साताऱ्याला मामलेदार कचेरीच म्हणतात ना? ठाण्यात तर ते नाव मिसळीला चिकटून राहिलंय.

आणखी एक. म्हापसा किंवा मडगाव पालिकेच्या प्रमुखाला मराठी पेपरात नगराध्यक्ष लिहितात, इंग्रजी पेपरात ‘चेअरपर्सन’. महाराष्ट्रातल्या नगराध्यक्षांना ‘प्रेसिडेंट’. पणजीची महानगरपालिका असल्यामुळे तिथं ‘मेयर’, म्हणजे महापौर. तेव्हा मुलांना सांगताना कोणत्या राज्याचा कायदा, ते आधी बघायला सांगा. मराठी शब्द सारखा म्हणून इंग्रजी सारखा असेल असं नाही.


काळा_कोट

कोर्टाच्या बाजूनं थोडं लिहिते.

बखरवाचकांचं सामान आमच्याकडे सगळ्यात जास्त. न्यायाधीश ‘बेंच’, वकील ‘बार’. बार म्हणजे कोर्टातला कठडा. ‘कॉल्ड टु द बार’ म्हणजे वकिलीची सनद मिळाली, ‘एलिव्हेटेड टु द बेंच’ म्हणजे न्यायमूर्ती झाले. मराठीत ‘पीठ’ आहे आणि पीठ म्हणजेही आसनच. खंडपीठ, न्यायपीठ, पीठासीन अधिकारी. ‘प्रिसाइडिंग’ या शब्दाच्या लॅटिन मुळातही ‘पुढे बसणे’ आहे. मला हे समजलं तेव्हा ‘पीठासीन’ या शब्दाबद्दलची माझी सगळी तक्रार मिटली. आणि बेंच ‘बसतो’: ‘द बेंच सिट्स अ‍ॅट नागपूर’. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाला तेव्हाही इंग्रजीत ‘सिटिंग अ‍ॅट कोल्हापूर’ असंच. इथं ‘इन’ किंवा ‘ऑन’ लिहू नये.

‘ऑफिस ऑफ प्रॉफिट’ ही जोडी मात्र वहीत ठळक लिहा. यातलं ऑफिस म्हणजे खोली नव्हे आणि प्रॉफिट म्हणजे व्यापारातला नफा नव्हे. मराठीत ‘लाभाचे पद’. मुळात हा इंग्लंडचा विचार: राजानं पगाराच्या जागा देऊन खासदार आपल्या बाजूला ओढू नयेत. तिथं १६२४ सालच्या ठरावापासून खासदाराला सरळ राजीनामा देता येत नाही. मग वाट काढली ती याच जोडीतून. जायचं असेल त्यानं ‘चिल्टर्न हंड्रेड्स’चा कारभारी ही राजाची नावापुरती जागा मागून घ्यायची. ती लाभाचं पद मानली जाते, म्हणून ती मिळताच खासदारकी जाते. ही वाट आजही चालू आहे.

आपल्याकडे संविधानाच्या कलम १०२ आणि १९१ मध्ये ‘ऑफिस ऑफ प्रॉफिट अंडर द गव्हर्न्मेंट’ आहे. २००६ साली जया बच्चन यांचं राज्यसभेचं सदस्यत्व याच कारणानं गेलं. त्या उत्तर प्रदेशच्या चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्ष होत्या. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पैसे प्रत्यक्ष घेतले की नाही याला महत्त्व नाही, त्या पदातून लाभ मिळू शकत होता का ते बघायचं. त्याच वर्षी याच वादात सोनिया गांधींनी लोकसभेचा राजीनामा दिला आणि पुन्हा रायबरेलीतून निवडून आल्या. तीन-चार शब्दांच्या जोडीवर एवढं सगळं अवलंबून असतं, म्हणून ती अर्थासकट कळायला हवी.


पहिली_पाळी

मी चाकणला कारखान्यात आहे, सरकारी भाषा मला येत नाही. पण कामाच्या जागेचे शब्द आमच्याकडेही आहेत.

आम्ही ‘ऑन द शॉप फ्लोअर’ असतो. शॉप म्हणजे दुकान नाही, जिथं माल तयार होतो ती जागा. साहेब ‘इन द ऑफिस’. बाहेर काम असलं की ‘ऑन साइट’. दुसऱ्या गावचं युनिट असलं की ‘अ‍ॅट द प्लँट’. ‘प्रिमायसेस’ कायम अनेकवचनी, आवार एकच असलं तरी. फलकावर ‘ऑन द प्रिमायसेस’.

आपण म्हणतो, मी अमुक साहेबांच्या हाताखाली आहे. ‘अंडर’ म्हटलं तरी समजतं, पण आता कंपन्यांत ‘आय रिपोर्ट टु’ म्हणतात. कामाच्या बाबतीत ‘वर्क फॉर’ म्हणजे पगार देणारा, ‘वर्क विथ’ म्हणजे बरोबरीचे. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी ‘आय वर्क्ड विथ’ म्हणून आधीच्या कंपनीचं नाव सांगितलं. त्यांना वाटलं मी तिथं ठेकेदारामार्फत होतो. खरं तर मी कायम कामगार होतो. त्यांनी पुन्हा विचारलं म्हणून बरं, नाहीतर माझी पाच वर्षं कागदावर वेगळीच लागली असती. तेव्हा इंग्रजीत बोलायचं म्हणून मी इतका घाबरलो होतो की ‘फॉर’ आणि ‘विथ’ यांत फरक असतो हे डोक्यातही नव्हतं. ताई, तुमच्या मुलांना ही जोडी आधी शिकवा. शिपाई, कामगार, कारकून, सगळ्यांना लागते.

आणि ‘वर्कप्लेस’ हा एक शब्द आहे, मधे जागा नाही. २०१३ च्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या नावात आहे, ‘अ‍ॅट वर्कप्लेस’. आमच्याकडे मराठी फलकावर ‘कामाच्या ठिकाणी’ आहे. तो फलक सगळ्या बायांना वाचता येतो.


रानजाई

पहिली_पाळी, तुमची जोडी वहीच्या पहिल्या पानावर घेतली. सगळ्यांचे मनापासून आभार. दप्तरीकाका, ‘इन द चार्ज ऑफ’ मी काल फळ्यावर लिहिलं. गोदाम आणि कारकून यांचं वाक्य करून दाखवलं. एकही मूल चुकलं नाही.

ज्या मुलीपासून हे सुरू झालं तिनं आज ओळख पुन्हा लिहून आणली. मी न सांगता. इथं उतरवते: ‘माय फादर वर्क्स अ‍ॅट द तहसील ऑफिस. ही हॅज बीन इन चार्ज ऑफ द कीज फॉर ट्वेंटी-टू इयर्स.’

मी तिला विचारलं, ‘इन चार्ज’च का, ‘कीप्स द कीज’ सोपं झालं असतं. ती म्हणाली, “कीप्स म्हणजे नुसत्या ठेवतात. त्यांना त्या हरवायची परवानगी नाही.”

मी काही दुरुस्त केलं नाही. बरोबर केलं ना?


जुना_दप्तरी

बरोबर केलेत. किल्ल्यांची नोंद त्यांच्या नावावर असेल, तेव्हा ‘इन चार्ज ऑफ’ अगदी चोख. तहसील आवारात उपकोषागार असेल आणि रात्रपाळीची जबाबदारी त्यांच्याकडे असेल, तर तिला तेही एका वाक्यात लिहायला सांगा. ‘ही इज रिस्पॉन्सिबल फॉर’, आणि पुढे जे काही असेल ते. मुलाखतीत विचारले तर तिला वडिलांच्या कामाबद्दल दोन मिनिटे नीट बोलता येईल.